हुशारीची शिकवणी

परीक्षक कंटाळतो, ही गोष्ट शिक्षणाविषयी लिहिणारे सहसा विचारात घेत नाहीत. उत्तरपत्रिका तपासण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, आणि त्यातला कंटाळा मला चांगला ठाऊक आहे. एकाच प्रश्नाचे साठावे उत्तर वाचताना मन असे काही मरगळून जाते की, एखादे विचित्र, अगदी चुकीचे का असेना, पण निराळे वाक्य समोर आले तर कोंदट खोलीची खिडकी उघडल्यासारखे वाटते. हा कंटाळा स्वाभाविक आहे. त्यात पाप काही नाही. पण त्या कंटाळ्यावर एखाद्या मुलाचे भवितव्य अवलंबून असेल, आणि हे ओळखून एखादा शिक्षक मुलांना परीक्षकाचा कंटाळा घालवण्याचीच विद्या शिकवू लागला, तर त्याला काय म्हणावे? तो मुलांचे हित करतो की अहित? त्यांना दार उघडून देतो की त्यांच्यातले काही मोडून टाकतो?

ॲलन बेनेट या इंग्रज नाटककाराच्या 'द हिस्टरी बॉइज' या नाटकाने मला या प्रश्नाकडे ओढले. २००४ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ते प्रथम रंगभूमीवर आले आणि २००६ मध्ये त्याचा चित्रपटही झाला. काळ गेल्या शतकातल्या ऐंशीच्या दशकाचा. स्थळ शेफील्ड शहरातली एक साधी, सरकारी खर्चाने चालणारी शाळा. आठ मुलगे शालान्त परीक्षेत अनपेक्षितपणे चमकतात आणि हेडमास्तरांच्या मनात येते की, यांना इतिहास या विषयासाठी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या प्रवेशपरीक्षेला बसवावे. मुलांच्या भल्यापेक्षा शाळेच्या नावाची काळजी त्यांना अधिक आहे, हे सांगायला नकोच. हेडमास्तर सगळीकडे सारखेच.

मुलांना तीन शिक्षक आहेत. मिसेस लिंटॉट त्यांना इतिहास शिकवते, म्हणजे सनावळी, कारणे, परिणाम, सगळे नीट, क्रमाने. हेक्टर हा वृद्ध शिक्षक कविता, गाणी, जुन्या चित्रपटांतले प्रवेश, फ्रेंच संभाषण असे परीक्षेला मुळीच उपयोगी न पडणारे बरेच काही देतो. आणि आयर्विन हा तरुण शिक्षक खास या परीक्षेसाठी आणलेला. त्याची शिकवण थोडक्यात अशी: तुमची उत्तरे बरोबर आहेत, म्हणूनच ती निकामी आहेत. सर्वमान्य मत कोणते ते आधी हेरावे आणि त्याच्या विरुद्ध टोकाकडून लिहायला लागावे. जे लिहिता ते तुम्हाला पटते की नाही हा प्रश्न येतच नाही. परीक्षकाने मान वर केली की काम झाले.

आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला कौल आयर्विनच्या विरुद्ध जाईल. माझाही गेला. पण कौल देण्याआधी त्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडून पाहावी, असा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे.

त्याची बाजू अशी. ईटनची शाळा १४४० साली सहाव्या हेन्री राजाने काढली आणि लगेच १४४१ मध्ये केंब्रिजला किंग्ज कॉलेज काढले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या कॉलेजात ईटनखेरीज अन्य शाळेच्या मुलाला प्रवेश नव्हता. इतकेच नव्हे, तर १८५१ पर्यंत तिथल्या मुलांना विद्यापीठाची परीक्षा न देताच पदवी मिळे. पुढे प्रवेश सर्वांना खुला झाला, पण रीत कायम राहिली. प्राध्यापकाशी बरोबरीच्या नात्याने बोलावे, त्याचे मत हसत हसत खोडून काढावे, न वाचलेल्या पुस्तकाविषयीही बिचकू नये, ही कला सधन घरातला मुलगा जेवणाच्या टेबलावर अठरा वर्षे शिकत असतो. त्याला कोणी 'शिकवणी' म्हणत नाही, संस्कार म्हणतात. शेफील्डच्या मुलाला तेच एका सत्रात कोणी शिकवले, तर मात्र ती लबाडी? बेनेट स्वतः लीड्समधल्या एका खाटकाचा मुलगा. शिष्यवृत्ती मिळवून तो ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात गेला आणि १९५७ साली इतिहासात पहिल्या वर्गात आला. त्या परीक्षेसाठी मुद्दे आणि लक्षवेधी अवतरणे कार्डांवर लिहून ती कार्डे आपण खिशात बाळगीत होतो, हे त्याने नंतर मोकळेपणाने लिहिले आहे. आयर्विनला त्याने खलनायक केले नाही, यात मला नवल वाटत नाही.

शिवाय परीक्षेसाठी पढवणे ही काही नवी किंवा लाजिरवाणी गोष्ट नव्हे. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत एकोणिसाव्या शतकात खाजगी शिक्षकांचेच राज्य होते. राउथ नावाच्या एका शिक्षकाच्या हाताखालून पंचविसांहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. १८९९ साली आपले रघुनाथराव परांजपे सीनियर रँग्लर झाले तेव्हा महाराष्ट्राला केवढा अभिमान वाटला. त्या परीक्षेत पढवण्याचा भाग किती, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. जी. एच. हार्डीसारख्या गणितज्ञाला ती सारी पद्धत तिटकाऱ्याची वाटे हे खरे, आणि गुणानुक्रमाची यादी १९०९ नंतर बंदही झाली. तरी गणिताच्या बाबतीत एक गोष्ट निश्चित आहे. युक्तीने सोडवलेले उदाहरणही सुटलेलेच असते. पढवलेला मुलगा जे कागदावर उतरवतो ते खरे असते; ते त्याला कोणी दाखवले याने त्याच्या खरेपणात फरक पडत नाही. इतिहासाचे तसे नाही. तिथे असे वाक्य लिहिता येते की जे सरळसरळ खोटे नाही, पण लिहिणाऱ्याचा त्यावर विश्वास नाही, आणि तरीही वाचणाऱ्याला ते बुद्धीचे लक्षण वाटते. आयर्विनचा सारा धंदा या वाक्यावर चालतो.

आपल्या नैयायिकांनी अशा वाक्यांचा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत: तत्त्व शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता नुसते दुसऱ्याचे खोडण्यासाठी वितंडा. मौज अशी की, गौतम जल्प आणि वितंडा यांना हाकून लावत नाही. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तशी तत्त्वाच्या रक्षणासाठी त्यांची गरज पडते असे तो म्हणतो. हा मला फार शहाणा विचार वाटतो. शेफील्डच्या मुलांना जग ओरबाडणार आहे. त्यांना काटे असू द्यावेत. पण कुंपण घालण्याआधी आत अंकुर असावा लागतो, आणि आपण काटे लावतो आहोत, रोप नव्हे, हे लावणाऱ्याला कळावे लागते.

घोकंपट्टीला आपण फार शिव्या देतो. मला ती अलीकडे बरीच प्रामाणिक वाटू लागली आहे. घोकणारा मुलगा जे लिहितो ते आपले नाही, पुस्तकातले आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. चमकदार मतांची तालीम झालेल्या मुलाचे काय? पहिल्या दिवशी तो हसत हसत उलटे लिहितो. महिन्याभराने ते त्याला सहज जमते. मग एक दिवस असा येतो की एखाद्या गोष्टीविषयी आपले मत काय आहे, याचा शोध घेताना त्याला आधी सुचते ते वाक्य, आणि मत त्या वाक्याच्या मागून येते. आयर्विन मुलांशी खोटे बोलत नाही. ही युक्ती आहे असे तो उघड सांगतो. पण उघड सांगितल्याने सवय जडायची थांबत नाही.

नाटकात ज्यूंच्या संहारावर एक तास आहे. हाही विषय इतर विषयांसारखा दुरून, थंडपणे हाताळता येईल असे आयर्विनला वाटते. वर्गात एक ज्यू मुलगा आहे, पॉस्नर. त्याला ते सोसत नाही, त्याच्या आईवडिलांचे पत्र हेडमास्तरांकडे जाते, आणि प्रकरण चिघळते. काही विषय पवित्र म्हणून बाजूला ठेवावेत, अशा मताचा मी नाही. इतिहासकाराला कोणताही विषय वर्ज्य नसावा. माझी हरकत निराळी आहे. इतिहासकार दूर उभा राहतो तो अधिक नीट दिसावे म्हणून; आयर्विन मुलांना दूर उभे करतो ते आपण नीट दिसावे म्हणून. बाहेरून दोघे एकाच जागी उभे असतात.

आयर्विनचे पुढे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. तो दूरचित्रवाणीवर इतिहास सांगणारा होतो आणि नंतर सरकारचा सल्लागार. नागरिकांचा हक्क कमी करणारे विधेयक लोकांच्या गळी कसे उतरवावे, हे तो आमदार-खासदारांना त्याच जुन्या युक्तीने समजावतो. आणि ज्या ऑक्सफर्डचा तो पदवीधर समजला जात होता तिथे तो पदवीसाठी शिकलेलाच नव्हता, हेही उघडकीस येते. मला त्याची कीव येते. ज्या दाराची किल्ली तो इतरांना करून देत होता त्या दारातून तो स्वतः गेला नव्हता.

मग हेक्टर खरा गुरू ठरतो काय? अनेक प्रेक्षकांना तसे वाटते, आणि त्याने पॉस्नरला एकट्याला बसवून टॉमस हार्डीची 'ड्रमर हॉज' ही कविता शिकवण्याचा प्रवेश पाहिला की मलाही क्षणभर तसेच वाटते. पण हाच हेक्टर मुलांना मोटारसायकलवर मागे बसवून घरी सोडताना त्यांच्या अंगचटीला जातो. मुले ते हसण्यावारी नेतात, आणि नाटककारही ते जरा सैलपणेच घेतो. मला ते घेता येत नाही. विद्या ही मोबदल्यासाठी नसते असे आयुष्यभर सांगणारा माणूस स्वतः मोबदला घेतच होता, आणि तोही ज्यांना नाही म्हणणे अवघड अशांकडून. हेडमास्तर मुलांकडून शाळेची कीर्ती घेतात, आयर्विन आपली पहिली पायरी घेतो, हेक्टर हे घेतो. काही न घेणारी एक मिसेस लिंटॉट. तिने दिलेल्या सनावळ्यांवर आणि तपशिलांवर बाकीच्या दोघांचे सारे खेळ उभे आहेत. तिची वाहवा मात्र कोणी करत नाही. कुंपणाच्या आतली माती तिने भरली होती.

आठही मुलांना प्रवेश मिळतो. त्यातला रज नावाचा, खेळात पटाईत आणि अभ्यासात बेताचा मुलगा तर मुलाखतीतच निवडला जातो, कारण त्याचे वडील त्याच कॉलेजात एके काळी नोकर होते, हे तिथल्या प्राध्यापकांना फार हृद्य वाटते. आयर्विनची युक्ती नाही, हेक्टरची कविता नाही. आणि पॉस्नर, ज्याने प्रत्येक शिक्षकाचे प्रत्येक वाक्य मनाला लावून घेतले, तो नाटकाच्या शेवटी एकटा, खचलेला राहतो. चित्रपटात त्याला शिक्षक केले आहे. कथेला बरा शेवट मिळाला, पण मला नाटकातलाच पॉस्नर खरा वाटतो.

उद्या कोणी आपला हुशार मुलगा माझ्याकडे आणून अशा परीक्षेची तयारी करून द्या म्हणाले, तर मी त्याला युक्ती शिकवीन. न शिकवणे म्हणजे माझे हात स्वच्छ ठेवण्यासाठी त्याला दाराबाहेर उभे करणे होय, आणि ते दार आधीच त्याच्यासाठी अरुंद आहे. पण प्रत्येक उलट्या निबंधानंतर त्याच विषयावर आपल्याला खरोखर काय वाटते ते अर्धे पान लिहायला सांगेन; काही वाटत नसेल तर तसे लिहायला सांगेन. हुशार मुलगा ते अर्धे पानही मला आवडेल असेच लिहील, याची मला खात्री आहे. म्हणून ते मी वाचायला मागणार नाही.