शाळा सोडण्याचे कारण

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो : ‘शाळा सोडण्याचे कारण’. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यात हा रकाना कितीदा भरला असेल याचा हिशेब नाही. बहुतेक वेळा तिथे एकच मजकूर जातो, ‘पालकांच्या विनंतीवरून’. बापाची बदली झाली तरी तेच आणि शेत विकून घर शहरात गेलं तरी तेच. दिवाळीनंतर आई-बापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या पोराच्या बाबतीत तेवढंही लिहावं लागत नाही. ते हजेरीत नुसतं गैरहजर होतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या पुतण्याने त्याच्या सात वर्षांच्या मुलीचा दाखला काढला आणि तो तसाच माझ्याकडे आला. देवगाव रंगारीतलं घर बंद करून तो, त्याची बायको, ही मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा असे चौघं पुण्याला निघाले होते. तिथल्या एका सेमिनरीत आधी शिक्षण घ्यायचं, मग भाषा शिकायची आणि मग पूर्व आफ्रिकेत सुवार्तेच्या कामाला जायचं, असा बेत होता. म्हणाला, “काका, मला पाचारण झालंय. आईला पटत नाही. तुम्ही बोला तिच्याशी.”

आम्हा ख्रिस्ती घरांत ‘पाचारण’ हा शब्द जपून वापरतात. नोकरी लागते, बदली होते. पाचारण देवाकडून होतं. एकदा तो शब्द उच्चारला की समोरच्याला वाद घालणं अवघड जातं. वहिनींना मात्र गेलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “तुला बोलावलं असेल. लेकरांना कोणी बोलावलं?”

त्यांना समजवायला मी गेलो नाही, कारण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. गेलं वर्षभर तो प्रश्न डोक्यात घोळतो आहे. पाचारण एकाला होतं आणि त्याची किंमत घरातली सगळी माणसं भरतात. मग दुसऱ्यांच्या आयुष्यातलं काही देऊन टाकण्याचा अधिकार त्या एकाला कुठून मिळतो?

एक सोपं उत्तर पुतण्यानेच दिलं. आई-बाप मुलांना विचारून कधी काय करतात? संभाजीनगरहून इंजिनिअर पोरं बायको-मुलांसह अमेरिकेला जातात, तेव्हा गाव पेढे खातं. आपल्याच तालुक्यातली जोडपी उचल घेऊन कारखान्याला जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि पोर कशातच धरलं जात नाही. तेव्हा कोणी नीतीचा प्रश्न काढत नाही, मग तो माझ्याच वेळी का?

त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. आपण विचारत नाही हा आपलाच दोष आहे. पण फरकही आहे. कोयता धरणारा पोटासाठी जातो, त्याला दुसरी वाट नसते. अमेरिकेला जाणारा पोरांच्याच नावाने जातो. उद्या पोरगा त्याला विचारू शकतो, माझ्यासाठी आलात ना, मग मला काय मिळालं? पाचारणाने जाणारा सांगूनच जातो की हे आपल्यासाठी नाही, दुसऱ्यांसाठी आहे. म्हणजे हा त्याग झाला. आणि त्याग म्हटलं की तो कोणाच्या मालकीच्या वस्तूचा, हे पाहावंच लागतं.

हा पेच फक्त आमच्या धर्मातला नाही. अजिंठ्याला शाळेच्या सहली नेल्या तेव्हा सतराव्या लेण्यात मुलांना विश्वंतर जातक दाखवायचो. दानशूर राजपुत्र राज्यातला हत्ती देतो, रथ देतो आणि शेवटी जंगलात एका याचकाला आपली दोन्ही मुलं देऊन टाकतो. मुलं भिऊन तळ्यात लपतात, बाप त्यांना हाक मारून बाहेर काढतो. आई त्या वेळी फळं आणायला गेलेली असते. हे दान योग्य होतं का, असं ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात मिलिंद राजाने नागसेनाला विचारलं आहे. म्हणजे ही शंका भाविकांनाही फार पूर्वीच आली होती. आपल्याकडच्या चिलया बाळाच्या कथेत तर खुद्द चिलयाच आई-बापांना धीर देतो. मला वाटतं, कथा सांगणाऱ्यांनी तो होकार त्याच्या तोंडी मुद्दाम घातला असावा. तो नसता तर श्रियाळ-चांगुणेची भक्ती ऐकणाऱ्याला पेलली नसती. शेवटी चिलया परत येतो, विश्वंतराची मुलंही परत येतात. अब्राहामाचा हात ऐन वेळी थांबवला जातो. खऱ्या आयुष्यात हात थांबवणारा कोणी असेलच असं नाही.

मराठी मुलखातल्या अमेरिकन मिशनची सुरुवातच याची साक्ष देते. फेब्रुवारी १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदरातून एक जहाज निघालं. त्यावर दोन नवी जोडपी होती, जडसन आणि न्यूवेल. ॲडोनायरम जडसनने लग्नाआधी ॲनच्या वडिलांना पत्र लिहून सरळ विचारलं होतं : मुलगी या जन्मी पुन्हा दिसणार नाही, परक्या हवेत आणि हालांत तिचा जीव जाईल, कदाचित छळही होईल, हे तुम्हाला मान्य आहे का? ॲनला काय होऊ शकतं हे माहीत होतं आणि ती सज्ञान होती. पुढे ब्रह्मदेशात ती वारली. तिची मुलंही जगली नाहीत.

दुसरी, हॅरिएट न्यूवेल, अठरा वर्षांची होती. कलकत्त्याला कंपनी सरकारने या मंडळींना राहू दिलं नाही. न्यूवेल जोडपं मॉरिशसकडे निघालं. वाटेत जहाजावर मूल जन्मलं आणि काही दिवसांतच गेलं. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएटही गेली, एकोणीस वर्षांची. नवरा सॅम्युअल पुढे मुंबईला आला, तिथेच काम करत १८२१ मध्ये वारला. हॅरिएटचं चरित्र अमेरिकेत घरोघर वाचलं गेलं आणि ते वाचून कित्येक तरुण मुली मिशनकार्याला पुढे आल्या. तिचं मरण वाया गेलं नाही, असं तेव्हा म्हटलं गेलं. तसं म्हणणं ठीकच आहे. पण त्या काही दिवसांच्या बाळाला हे वाक्य लावून पाहावं. तिथे ते लागत नाही.

गॉर्डन हॉल त्याच तुकडीतला. तो १८१३ मध्ये मुंबईला पोहोचला. १८२५ मध्ये त्याच्या बायकोला आजारी मुलांना घेऊन अमेरिकेला परतावं लागलं. दोघांपैकी एक मुलगा समुद्रातच गेला. हॉल इथेच राहिला आणि पुढच्याच वर्षी नाशिकहून परतताना कॉलऱ्याने वारला. अशी उदाहरणं वाचताना मला राग येत नाही. या माणसांनी स्वतःलाही वाचवलं नव्हतं. पण त्यांची स्तुती करतानाही जीभ अडते.

याला लोक उलट उदाहरण देतात ते रॉबर्ट ॲलन ह्यूमचं. १८४७ मध्ये मुंबईत जन्मलेला हा मिशनऱ्याचा मुलगा. बाप १८५४ मध्ये मायदेशी परतताना जहाजावर वारला. मुलगा अमेरिकेत वाढला आणि १८७४ मध्ये आपणहून अहमदनगरला आला, आयुष्य इथेच घातलं. म्हणजे मुलाने बापाच्या निर्णयाला होकारच दिला, नाही का? दिला, पण स्वतःच्या वतीने आणि सत्ताविसाव्या वर्षी. तेवढ्याने बापाला मागच्या तारखेची परवानगी मिळत नाही. ज्यांनी असा होकार दिला नाही त्यांची चरित्रं कोणी लिहिली नाहीत, एवढंच.

आमच्या भागात वैजापूरकडच्या घोगरगावला फ्रान्सहून आलेल्या फादर जाकिएंचं नाव अजून आदराने घेतात. कॅथलिक पाद्री बायको-मुलं करत नाहीत. लहानपणी आम्हा प्रॉटेस्टंट पोरांना ते चमत्कारिक वाटायचं. आता त्यातला एक शहाणपणा कळतो. त्या माणसाने येताना फक्त स्वतःलाच आणलं होतं.

पण म्हणून संसारी माणसाने कधी हाकेला ओ देऊच नये, असंही मला म्हणवत नाही. तसं असतं तर पंडिता रमाबाई पुण्यातच राहिल्या असत्या. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती. तिथे वाँटेजच्या सिस्टरांकडे राहून त्या ख्रिस्ती झाल्या. पण मनोरमेला धर्मातलं काय शिकवायचं यावरून त्यांचे आणि सिस्टर जेराल्डिन यांचे पत्रांतून खटके उडाले. ज्यांच्या आश्रयाला राहायचं, त्यांनाही मुलीच्या मनावर परस्पर हक्क सांगू द्यायचा नाही, हे त्या विसरल्या नाहीत.

आणि नारायण वामन टिळक. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तोही घरी न विचारता. लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण त्यानंतर टिळकांनी एक गोष्ट केली. बायकोने आपल्या मागे यावंच, असा हट्ट धरला नाही. त्या नांदायला आल्या तेव्हाही सोवळं पाळत, आपलं अन्नपाणी वेगळं ठेवत. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. त्या पाच वर्षांत त्यांना ‘नाही’ म्हणत राहता आलं. टिळकांचा आधीचा अन्याय त्याने पुसला जात नाही, पण पुढचं सगळं शक्य झालं ते त्या ‘नाही’ला घरात जागा होती म्हणून.

माझ्यापुरतं उत्तर इथे सापडलं. पाचारण खरं की खोटं, हे बाहेरच्याला ठरवता येत नाही. काम किती थोर आहे, यावरही निर्णय लागत नाही. विश्वंतराचं दान थोरच होतं. बाहेरच्याला एवढंच पाहता येतं, की बरोबर ओढल्या गेलेल्या माणसांना नकार देता येतो का आणि परत फिरायची वाट शिल्लक ठेवली आहे का.

हीच कसोटी पलीकडेही लागू होते. पुतण्या ज्यांच्याकडे जाणार आहे त्यांनाही कोणी विचारलेलं नाही. माझ्या पणजोबांकडे कधीतरी असाच कोणी आला होता. पणजोबा हो म्हणाले, त्यांचे चुलतभाऊ नाही म्हणाले आणि दोघं एकाच आळीत शेवटपर्यंत राहिले. त्या चुलतभावांना ‘नाही’ म्हणता आलं, म्हणूनच पणजोबांच्या ‘हो’ला मी किंमत देतो. भुकेच्या, औषधाच्या किंवा भीतीच्या बदल्यात घेतलेला होकार, मग तो बायकोचा असो की परक्या गावाचा, मला होकार वाटत नाही.

मी पुतण्याला हे सांगितलं तेव्हा तो अस्वस्थ झाला. खर्चासाठी वाटणीची तीस गुंठे जमीन विकायची, असं त्याने ठरवलं होतं. मी म्हटलं, विकू नकोस. त्यावर त्याने नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याबद्दलचं येशूचं वचन काढलं. मी म्हटलं, “बाबा, तास सरळ जावा म्हणून मागे बघायचं नसतं, हे खरं. पण धुऱ्यावर आलं की औत वळवावंच लागतं. वळवायला जागा न ठेवणारा नांगरट करत नाही, शेजाऱ्याच्या रानात घुसतो.”

सूनबाई तिथेच भाजी निवडत होती. तिला मी पहिल्यांदाच विचारलं, “तुझं काय म्हणणं?” ती म्हणाली, “विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, काका. पण विचारलं नाही.” तिचा नवरा खाली बघत होता. बऱ्याच वेळाने तो मला म्हणाला, “आता विचारलं आणि ती नाही म्हणाली तर?” मी म्हटलं, “तर तेही पाचारणच समज.”

ते गेले. जमीन विकली नाही. बटाईने दिली आहे, या वर्षी त्यात मका आहे. नाताळला चौघं आले होते. सेमिनरीतल्या संध्याकाळच्या वर्गाला सूनबाईने स्वतःचंही नाव घातलं आहे. आफ्रिकेचा निर्णय पुढच्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून घ्यायचा, असं ठरलं आहे. मुलीला पुण्यातली शाळा अजून आवडत नाही. तिने ते बापाला तोंडावर सांगितलं आणि बापाने ऐकून घेतलं. वहिनी मान्य झालेल्या नाहीत. मीही त्यांना समजवायला गेलेलो नाही.

जाण्याआधी नातीने तिचा तो दाखला मला वाचायला मागितला. ‘पालकांच्या विनंतीवरून’वर बोट ठेवून तिने विचारलं, “आजोबा, विनंती म्हणजे काय?” मी सांगितलं, समोरच्याला नाही म्हणता येईल अशा रीतीने मागणं. तिने ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाली, “मग ही विनंती कोणाला केली?”