वाटेचा घाम



परभणीहून देवगिरी एक्सप्रेस मुंबईकडे निघते, तेव्हा तिच्या अनारक्षित डब्यात आपल्याच जिल्ह्यातील तरुण दाटीवाटीने उभे असतात. मुंबईत त्यांना काम मिळते. कामाजवळ घर मात्र मिळत नाही. परवडणारे घर मुंब्र्यात, नालासोपाऱ्यात किंवा कल्याणच्याही पलीकडे असते. ज्याची मिळकत कमी, त्याची वाट लांब. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर कोसळले आणि काहींनी प्राण गमावले. ही माणसे रोजीच्या वाटेवर होती.

मिळकतीतील फरक इस्लामने नाकारलेला नाही. सूरह जुखरुफनुसार उपजीविकेचे वाटप अल्लाहनेच केले आहे, ते माणसांनी एकमेकांच्या कामी यावे म्हणून. परंतु सूरह हश्र असेही बजावते की, संपत्ती केवळ धनवानांमध्येच फिरत राहू नये. म्हणजे फरक ही परीक्षा आहे, मोठेपणाचा परवाना नव्हे.

आदरणीय प्रेषित (स.) यांनी हाताखालच्या माणसांना भाऊ म्हटले, त्यांच्यावर झेपणार नाही असे ओझे टाकण्यास मनाई केली आणि टाकलेच तर स्वतः हातभार लावण्यास सांगितले. रोज चार तास उभ्याने केलेला प्रवास हे ओझे नव्हे काय? मजुराचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची आज्ञा आपणास पाठ आहे; पण वाटेत गळलेल्या घामाचा हिशेब कोण ठेवतो?

शरीअतने मुसाफिराच्या चार रकअती दोन केल्या. रोज कामाला जाणारा प्रत्येक जण फिकहच्या व्याख्येने मुसाफिर ठरतो असे नाही. पण त्यामागील हिकमत ध्यानी घ्या. अल्लाह स्वतःच्या हक्कात प्रवाशाला सवलत देतो, मग दहा मिनिटे उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार कापणारे आपण कोण?

हा प्रश्न केवळ मुंबईच्या मालकांचा नाही. परभणीतील आपल्या दुकानात, बांधकामावर खेड्यातून येणारा कामगार संध्याकाळी शेवटच्या एसटीच्या चिंतेत असतो. त्याला वेळेवर सोडा. भाड्याचा भार शक्य तितका उचला. पगाराची तारीख टाळू नका. काम पुरते करून घेऊन मजुरी बुडवणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह फिर्यादी असेल, असे हदीसमध्ये आले आहे. त्या न्यायालयात आपला वकील कोण असणार?

अल्लाह आपणा सर्वांना हक्कदाराचा हक्क ओळखण्याची व तो अदा करण्याची तौफिक देवो. आमीन.