वेगळे भांडे

एका मांजरीच्या दुखण्यावर लेख लिहावा काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मलाही पडला होता. परंतु त्या दुखण्याने आमच्या घरात जे प्रश्न उभे केले ते मांजरीपुरते राहिले नाहीत, म्हणून लिहितो.

मी त्र्यंबकेश्वरास शिक्षक आहे. आमच्या घराण्यात कॉलेजचे तोंड पाहिलेला पहिला मीच. घरात आई, पत्नी, शाळेत जाणारी मुलगी आणि दोन मांजरी. त्यांतली थोरली मनी. गेल्या पावसाळ्यात ती खाईनाशी झाली. अंगावर मांस राहिले नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्या, ताप उतरेना. नाशिकला नेले. डॉक्टरांनी रक्त तपासले, काही आठवड्यांनी पुन्हा तपासले आणि हा मांजरांचा ल्युकेमिया आहे असे सांगितले. धाकटीचेही रक्त तपासले. तिला लागण नव्हती.

हा रोग एका विषाणूमुळे होतो. विल्यम जॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९६४ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे शोधला. तो मुख्यतः लाळेतून पसरतो. एकमेकींना चाटणे, एका भांड्यात खाणे, चावणे, या वाटांनी तो जातो; आईकडून पिलांनाही मिळतो. काही मांजरांचे शरीर त्याला परतवून लावते किंवा दाबून ठेवते. ज्यांना ते जमत नाही, त्यांना रक्तक्षय होतो, इतर रोगांशी झगडण्याची शक्ती जाते, कधी कर्करोग होतो. अशी बरीच मांजरे निदानानंतर दोन-तीन वर्षांत दगावतात. रोग मुळापासून बरा करणारे औषध नाही. प्रतिबंधक लस १९८५ साली अमेरिकेत आली. परंतु आपल्याकडे मांजरांना सर्वसाधारणपणे टोचतात ती तिहेरी लस या रोगावरची नव्हे. माणसाला हा रोग होत नाही.

डॉक्टरांनी सांगितले ते एवढेच : घरातच ठेवा, शिजवलेले चांगले अन्न द्या, कच्चे मांस देऊ नका, ताप वा जखम दिसली की लगेच आणा, आणि धाकटीपासून वेगळी ठेवा. भांडेही वेगळे.

हे ऐकून शेजारच्या एका गृहस्थांनी सल्ला दिला की पोत्यात घालून गावाबाहेर सोडून द्यावी. मारायची मात्र नाही. कारण मांजर मारल्याचे पाप मोठे; त्याला सोन्याची मांजर करून दान द्यावी लागते, हे आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकले आहे. म्हणजे मांजर उपाशी, कुत्र्यांच्या तोंडी मेली तर चालेल. आपल्या हातून मेली नाही म्हणजे झाले!

या विचाराचे मूळ शोधायला मला गाव सोडून जावे लागले नाही. त्र्यंबकाची कथाच एका जनावराच्या मरणापासून सुरू होते. गौतम ऋषीच्या शेतात गाय शिरली, त्याने दर्भाच्या काडीने हाकलली, ती मेली. गोहत्येचे पाप लागले. ते धुण्यासाठी ब्रह्मगिरीवर तप झाले, गोदावरी उतरली, कुशावर्तात स्नान घडले. लाखो लोक आजही तेथे स्नान करतात. कथा खरी की कल्पित, हा प्रश्न बाजूला ठेवू. तिच्यातला नीतीचा प्रश्न कोणता, ते पाहू. पाप कोणाच्या माथी आणि ते धुवायचे कसे, हा प्रश्न आहे. मरताना त्या गाईला काय झाले, हे कोणी विचारत नाही. सोन्याच्या मांजरीचेही तसेच. सोने घेणाऱ्याच्या घरी जाते, देणारा मोकळा होतो, मेलेली मांजर हिशेबात कोठेच नाही.

भगवान बुद्धाने विचारण्याचा प्रश्नच बदलला. मला विटाळ झाला काय, मला पाप लागले काय, असे तो विचारत नाही. दुःख आहे काय? कशामुळे आहे? ते कमी कसे होईल? असे तो विचारतो. हे प्रश्न मनीला लावले की पोत्याचा सल्ला आपोआप गळून पडतो. कायद्यानेही पाळलेले जनावर विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि जीवमात्रांविषयी दया बाळगणे हे १९७६ पासून संविधानाच्या कलम ५१ क मध्ये नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे.

येथवर माझे मन स्वच्छ होते. अडचण आली ती भांड्याची.

मी बाजारातून एक नवी वाटी आणली, तिच्यावर खूण केली आणि मनीला कोपऱ्यातल्या खोलीत जेवण वाढले. आई दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, ‘‘तुझ्या आजोबांचा कप असाच वेगळा होता. वळचणीला खोचलेला असायचा. चहा पिऊन झाला की आपणच धुऊन परत खोचायचा. आता तू आपल्या घरात वेगळं भांडं आणलंस?’’

मी काही बोलू शकलो नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. आईला उत्तर देणे आवश्यक होते आणि ते उत्तर खरे असणेही आवश्यक होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला जे सांगितले ते असे. मनीचे भांडे वेगळे आहे, कारण तिच्या रक्तात विषाणू आहे हे दोनदा तपासून पाहिले आहे. आजोबांचे रक्त कोणी तपासले होते? मनीचे भांडे फक्त दुसऱ्या मांजरीपासून वेगळे आहे, कारण धोका तिला आहे. मी ते हाताने धुतो, मनीला मांडीवर घेतो, मला काही होत नाही. आजोबांच्या बाबतीत तर स्पर्शाचीच मनाई होती. उद्या धाकटीलाही हाच रोग आहे असे आढळले, तर दोघींना एकत्र ठेवता येईल. कारण संपले की वेगळेपण संपते. अस्पृश्यतेला कारणच नव्हते, म्हणून तिला शेवटही नव्हता. ती बापाकडून मुलाला मिळत असे. आणि शेवटची गोष्ट : मनीला वेगळी ठेवली म्हणून तिची अधिक काळजी घ्यावी लागते. तिचे अन्न आधी शिजते. आजोबांना वेगळे ठेवणाऱ्यांनी त्यांच्या दुखण्याखुपण्याची विचारपूस कधी केली होती?

आई म्हणाली, ‘‘मग तिला एकटी सोडू नकोस.’’ तेव्हापासून दुपारी ती स्वतः निवडायचे तांदूळ घेऊन त्या खोलीत बसते. वेगळे ठेवणे न्यायाचे आहे की अन्यायाचे, हे ओळखण्याची याहून सोपी कसोटी मला सापडलेली नाही. ज्याला वेगळे ठेवले, त्याच्याजवळ जाऊन कोणी बसते काय?

आपल्यातल्याच एका मित्राचा आक्षेप याहून तिखट होता. तो म्हणाला, ‘‘मुंग्यांना साखर घालणारे आणि मांजरीला स्वयंपाकघरात फिरू देणारे लोक आपल्याला विहिरीला शिवू देत नव्हते. महाडच्या तळ्यावर जनावरांना पाणी होते, माणसांना नव्हते; म्हणून १९२७ साली बाबासाहेबांना तेथे जावे लागले. जनावरांच्या दयेचा मला राग येतो.’’ त्याचा राग खोटा नाही. परंतु त्या लोकांची चूक मांजरीला दूध दिले ही नव्हती. त्यांची दया माणसापर्यंत आली की थांबत होती, ही होती. आपणही दयेला कुंपण घालावे आणि फक्त त्याची जागा बदलावी, हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांत भेद केला आहे. करुणा माणसांविषयी असते; मैत्री त्याही पलीकडे, सर्व जीवमात्रांपर्यंत जाते. पलीकडे जायचे ते माणसाला ओलांडून नव्हे, माणसाला बरोबर घेऊन.

शाळेतल्या एका सहकाऱ्याने पैशाचा हिशेब विचारला. गरीब मुलांना वह्या मिळत नाहीत आणि तुम्ही मांजरीवर खर्च करता? प्रश्न योग्य आहे. मी मर्यादा ठरवून घेतली आहे. मुलीच्या शिक्षणाला हात लावणार नाही, कर्ज काढणार नाही, आयुष्य दोन महिन्यांनी लांबवणारे महागडे उपाय करणार नाही. उरला तो खर्च माझ्या हॉटेलातल्या चहा-फराळाचा आहे, आणि तो मी सोडला आहे. परंतु ‘ती आता उंदीरही धरत नाही, तिचा उपयोग काय?’ हा जो प्रश्न त्याने पुढे जोडला, तो मला मान्य नाही. विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. तो अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले, आणि मग संघाला बजावले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. उपयोगाचा हिशेब तेथेच निकालात निघाला. अशोकाने गिरनारच्या शिलालेखात माणसांच्या चिकित्सेबरोबर पशूंच्या चिकित्सेचीही व्यवस्था कोरून ठेवली, ती याच वाटेवर.

एक प्रश्न अजून पुढे आहे. दुखणे असह्य झाले तर डॉक्टर इंजेक्शन देऊन मनीचे आयुष्य संपवू शकतात. पहिले शील काय सांगते, हे मला ठाऊक आहे. परंतु बाबासाहेबांनी हेही दाखवले आहे की बुद्धाने अहिंसा हा आंधळेपणाने पाळायचा नियम केला नाही, ते तत्त्व ठेवले. आणि तत्त्व माणसाला विचार करण्याची मोकळीक देते. मारण्याची इच्छा निराळी, मारण्याची गरज निराळी. तेव्हा मी स्वतःला एवढेच विचारणार आहे : मला थांबवायचे आहे ते तिचे दुःख की माझा कंटाळा? ती खाते आहे, अंग चाटते आहे, उन्हात जाऊन बसते आहे, तोवर उत्तर स्पष्ट आहे. ज्या दिवशी यांतले काहीच उरणार नाही, त्या दिवशी मी सोन्याच्या मांजरीची भीती बाळगणार नाही, आणि घाईही करणार नाही.

जाता जाता एक सूचना. त्याच विनयात चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता येणे, पथ्य-कुपथ्य कळणे, लोभाने नव्हे तर प्रेमाने सेवा करणे, मलमूत्राची किळस नसणे, आणि आजाऱ्याला धीराचे शब्द सांगता येणे. आपल्या विहारांत वंदना होते, व्याख्याने होतात. महिन्यातील एक रविवार गावातल्या एखाद्या परिचारिकेला बोलावून ही शुश्रूषा शिकण्यास का देऊ नये? अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे प्रत्येक वस्तीत आहेत, आणि त्यांतील कित्येकांचे भांडे काहीही कारण नसताना वेगळे झालेले आहे.