सर्वांची भाषा कोणाची?

कोरेगांव भीमा येथें १ जानेवारी १८१८ रोजीं झालेल्या लढाईचें स्मारक म्हणून कंपनी सरकारनें जो स्तंभ उभारिला, त्यावरील लेख इंग्रजी व मराठी अशा दोन भाषांत आहेत. राज्यकर्त्यांस एक भाषा समजत होती, गांवास दुसरी. पुढें राज्य पालटलें. प्रश्न मात्र राहिला. आज जवळच्या सणसवाडी व रांजणगांव येथील कारखान्यांत नाना प्रांतांचे लोक काम करितात. त्या सर्वांमध्यें समाईक भाषा कोणती असावी, आणि ती ज्यास येत नाहीं त्याची वाट काय?

इंग्रजीच्या बाजूनें एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ती येथें बहुधा कोणाचीच मायबोली नसल्यामुळें मराठी, तमिळ वा बंगाली मनुष्यास दुसऱ्यापुढें कमीपणा येत नाहीं. राज्यघटनेनें तिला १९५० पासून पंधराच वर्षांची मुदत दिली होती; परंतु १९६३ च्या कायद्यानें ती पुढेंही चालू राहिली, आणि १९६५ सालीं मद्रासेकडे हिंदीविरुद्ध मोठी चळवळ झाली.

तथापि प्रांताप्रांतांत जी समता इंग्रजी राखते, ती घराघरांत राखीत नाहीं. २०११ च्या शिरगणतींत इंग्रजी येते असें सांगणारे शंभरांत सुमारें दहाच होते. उरलेल्या नव्वदांस ही समाईक भाषा म्हणजे बंद दारच होय.

मग ती टाकून द्यावी काय? तसें केल्यास श्रीमंताचा मुलगा ती शिकेलच. वाट बंद होईल ती गरिबाची. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजीं याच स्तंभापाशीं आले. त्याच वर्षीं त्यांनीं 'बहिष्कृत भारत' हें पत्र मराठींत काढिलें; आणि लाहोरच्या सभेकरितां लिहिलेलें जातिनिर्मूलनावरील भाषण १९३६ सालीं इंग्रजींत छापिलें. ज्याच्याशीं बोलावयाचें, त्यास समजेल ती भाषा त्यांनीं घेतली.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, इंग्रजी येणें हें मिरविण्याचें भूषण नसून फेडावयाचें ऋण आहे. ज्या कागदावर मनुष्याची सही किंवा अंगठा घ्यावयाचा, तो त्यास त्याच्या भाषेंत समजाविल्यावांचून घेणें हा अन्याय होय, मग कायदा कांहींही म्हणो. म्हणून वाचकहो, आपल्या मुलांस दोन्ही भाषा शिकवा. आणि शेजारी एखादा इंग्रजी कागद घेऊन दारीं आला, तर हातांतलें काम बाजूस ठेवून तो त्यास अथपासून इतिपर्यंत समजावून सांगा.