अल्प मोबदला आणि पूर्ण माप

मनुष्य किती कमावतो, एवढ्यावर उपजीविकेचा प्रश्न संपत नाही. तो कोणत्या मार्गाने कमावतो आणि कोणत्या अटींवर आपले श्रम दुसऱ्याच्या हाती सोपवितो, याचाही हिशेब अल्लाहसमोर द्यावयाचा आहे. जुन्या व्यवसायांत हा हिशेब आपल्याला चटकन कळतो, कारण दुकानदाराचा तराजू आणि शेतमजुराची रोजंदारी डोळ्यांना दिसते. नव्या व्यवसायांत तो धूसर होतो. कॅमेऱ्याचे काम हा असाच एक व्यवसाय आहे.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हा व्यवसाय आता कोणालाही अपरिचित नाही. लग्नसराईत मंगल कार्यालयांतून आपली मुले कॅमेरा खांद्यावर घेऊन उभी असतात. हिवाळ्यात भिगवणजवळ उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी उतरले की तेथेही कॅमेरे येतात. उजनीच्या पलीकडील करमाळा परिसरात 2016 च्या ‘सैराट’चे चित्रीकरण झाले, तेव्हा चित्रपटाचा मोठा कॅमेरा आपल्याही शिवारात येऊ शकतो, हे या भागाने पाहिले. पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेवर 1960 पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी शासकीय संस्था आहे. परंतु तेथील जागा मोजक्याच. बहुतेक तरुण कोणाच्या तरी हाताखाली राबूनच ही विद्या शिकतात.

समजा, अशा एका तरुणाला एका लघुपटाच्या छायालेखनाचे काम देऊ केले गेले. काम महिनाभराचे, मोबदला मात्र लग्नाच्या दोन दिवसांच्या चित्रीकरणाइतका. कॅमेरा त्याचा, पेट्रोल त्याचे. वर आश्वासन असे की, “तुझे नाव होईल.” वडील म्हणतात, हे नाकार. मित्र म्हणतात, अशी संधी पुन्हा येणार नाही. वाचकहो, तो तरुण आपल्या घरातील असेल, तर आपण त्याला काय सांगाल?

पहिली गोष्ट अशी की, मोबदला अल्प असल्याने काम हलके ठरत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्कावासीयांच्या शेळ्यामेंढ्या काही कीरातांच्या मजुरीवर राखल्या होत्या, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. म्हणून केवळ ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने एखादे काम नाकारणे हा स्वाभिमान नव्हे.

दुसरी गोष्ट अटींची. दिव्य कुरआनच्या सूरह अल्-कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या मदयन येथील चाकरीचा प्रसंग आला आहे. ते परक्या भूमीत निराधार होते. त्यांच्या गरजेचा लाभ घेणे सहज शक्य होते. परंतु त्या वृद्ध गृहस्थाने मुदत आठ वर्षांची ठरविली, दहा वर्षे पूर्ण केल्यास ती मूसांची स्वेच्छा असेल असे सांगितले आणि आपण त्यांच्यावर कष्टाचा भार लादू इच्छित नाही, हेही स्पष्ट केले. उभयतांनी अल्लाहला साक्षी ठेवले. वरची दोन वर्षे दिली तर तो उपकार, मागून घेतली तर अन्याय. ही सीमारेषा कराराच्या दिवशीच आखली गेली.

इस्लामी धर्मशास्त्रात मजुरीच्या करारासाठी काम आणि मोबदला दोन्ही ज्ञात असणे आवश्यक मानले आहे. ‘नाव होईल’ हा ज्ञात मोबदला नव्हे. ती एक आशा आहे. आशेला मोबदल्यात धरू नये. म्हणून तरुणाने विचारावे: दिवस किती, तास किती, प्रवासखर्च कोणाचा, कॅमेरा बिघडल्यास भरपाई कोणाची, पैसे कोणत्या तारखेला? निर्मात्यापाशी खरोखरच पैसा नसेल आणि तो स्वतःही तितक्याच अल्पात राबत असेल, तर ती दोघांची भागीदारी झाली. परंतु पैसा असूनही केवळ तरुणाची निकड पाहून दर पाडला जात असेल, तर हजरत शुऐब (अ.) यांनी आपल्या लोकांना ज्यापासून रोखले तेच येथे घडते: लोकांना त्यांच्या वस्तू कमी करून देणे. श्रम हीदेखील माणसाची वस्तूच आहे.

तिसरी गोष्ट इतरांच्या हक्कांची. घरात वृद्ध आईवडील, पत्नी, मुले असतील तर त्यांचे पोषण हे कर्तव्य आहे. शिकण्याची हौस त्यांच्या ताटातून भागविता येत नाही. या बाबतीत इब्न अल-हैसम यांचे जीवन बोधप्रद आहे. इ.स. 965 च्या सुमारास बसरा येथे जन्मलेल्या या विद्वानाने कैरोत राहून ‘किताबुल मनाजिर’ हा प्रकाश आणि दृष्टी यांवरील ग्रंथ लिहिला. लहान छिद्रातून अंधाऱ्या जागेत येणाऱ्या प्रकाशाचा त्यांनी केलेला अभ्यास कॅमेऱ्याच्या इतिहासात आदराने नोंदविला जातो. चरित्रकार इब्न अल-किफ्ती लिहितात की, ते दरवर्षी गणित आणि खगोलाच्या ठरावीक ग्रंथांच्या प्रती नकलून 150 दीनारांना देत आणि त्यावर वर्षाचा खर्च भागवीत. किंमत ठरलेली असे. घासाघीस होत नसे. यातून एक मार्ग दिसतो. पोटाचे काम पूर्ण किमतीत करावे आणि त्याने घर निभावत असेल, तर विद्येचे काम अल्प मोबदल्यात स्वीकारावे. पोटाचेच काम अर्ध्या किमतीत करू लागलो, तर बारामतीत असो वा इंदापुरात, त्याच बाजारात उभ्या असलेल्या दुसऱ्या कॅमेरामनच्या चुलीवर त्याचा परिणाम होतो, हेही ध्यानी घ्यावे.

चौथी गोष्ट चित्रीकरणाच्या विषयाची. चित्रांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ज्यांच्या ज्ञानावर आपला विश्वास आहे, त्यांना विचारावे. परंतु अश्लीलता, कोणाची बदनामी किंवा स्त्रियांच्या खासगीपणाचा भंग यांविषयी मतभेद नाही. अशा कामाचा मोबदला लाखांत असला तरी तो सोडावा. मेमरी कार्डावर जे साठते ते अमानत आहे.

या चारही कसोट्यांवर काम उतरले आणि तरुणाने ते स्वीकारले, तर खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. ‘एवढ्या पैशांत एवढेच’ असे मनाशी म्हणत फ्रेम निष्काळजीपणे लावणे, उशिरा पोहोचणे, प्रकाशाची वाट न पाहणे, हे सारे माप मारणेच होय. सूरह अल्-मुतफ्फिफीन ज्यांच्या विनाशाची घोषणा करते, ते स्वतः घेताना पूर्ण घेतात आणि देताना घटवितात. मोबदला पसंत नसेल तर करारापूर्वी नकार द्यावा. तो हक्क आहे. होकार दिल्यानंतर मात्र माप पूर्णच द्यावे लागते.

आणि वाचकहो, आपल्यापैकी अनेकजण या व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूला उभे असतात. मांडव आणि जेवणावळींवर सढळ हाताने खर्च करून कॅमेरामनचा शेवटचा हप्ता मात्र महिनोन्महिने अडवून ठेवतात. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह वादी असेल, असेही हदीसमध्ये आले आहे. आपल्या मुलाच्या वाट्याला येऊ नये असे जे वाटते, ते दुसऱ्याच्या मुलाच्या वाट्याला आपल्या हातून येऊ नये.

म्हणून त्या तरुणाने घरातील मंडळींशी सल्लामसलत करावी, इस्तिखाराची नमाज अदा करावी, अटी लेखी घ्याव्यात आणि मग निर्णय करावा. होकार असो वा नकार, अल्लाहचे भय बाळगणाऱ्यासाठी तो मार्ग काढतो आणि ज्याची कल्पनाही नसते अशा ठिकाणाहून उपजीविका देतो. अल्लाह आपल्या मुलांच्या श्रमांत बरकत देवो आणि आपणा सर्वांना पूर्ण माप देण्याची सद्बुद्धी प्रदान करो. आमीन.