बीडचे गाणे कोण पाठवणार?

20 सप्टेंबर 2025 रोजी मॉस्कोजवळच्या एका मोठ्या सभागृहात ‘इंटरव्हिजन’ ही गाण्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. टीव्हीवरून ती अनेक देशांत दिसली. वीसहून अधिक देशांची गाणी तिथे होती आणि त्यांत एक भारताचे होते. रौहान मलिक या गायकाने ‘इश्क’ हे गाणे आपल्या देशातर्फे गायले. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांना याची खबरही नव्हती. बीडचे तर त्या आठवड्यात लक्ष असायचे कारणच नव्हते. तीनच दिवस आधी, 17 सप्टेंबरला, कित्येक पिढ्या वाट पाहिलेली रेल्वे बीडला पोचली होती आणि त्याच दिवसांत अतिवृष्टीने मराठवाड्याची उभी पिके पाण्याखाली जात होती.

तरीही त्या स्पर्धेकडे मी गंभीरपणे पाहतो. देशाचे म्हणून एक गाणे पाठवायचे, तर ते कुठून यावे, कुणी निवडावे, हा प्रश्न तिने आपल्यापुढे ठेवला आहे. गायकाबद्दल माझी तक्रार नाही. पाठवले, तो गेला आणि गायला. पण ज्या देशात दर पन्नास कोसांवर चाल बदलते, तिथल्या माणसांना आपल्या नावाने कोणते गाणे गेले हे गेल्यानंतरही कळू नये, हे मला बरे वाटत नाही.

‘इंटरव्हिजन’मागचे राजकारण उघड आहे. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर 2022 मध्ये रशियाला ‘युरोव्हिजन’ या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेतून बाहेर काढले गेले. त्यानंतर रशियाने सोव्हिएत गटातल्या देशांची जुनी स्पर्धा पुन्हा उभी केली. त्या स्पर्धेचे कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. पण तिथे जिंकलेले गाणे पाहण्यासारखे आहे. व्हिएतनामचा डुक फुक हा गायक जे गाणे घेऊन गेला होता, ते फू डोंग गावच्या एका दंतकथेवर बेतलेले आहे. तीन वर्षांचा होईपर्यंत एक शब्दही न बोललेला मुलगा शत्रू आल्याचे ऐकताच बोलू लागतो, बघता बघता महाकाय होतो आणि लोखंडी घोड्यावर बसून आक्रमकांना पिटाळून लावतो. व्हिएतनामच्या लहान पोरालाही ही गोष्ट ठाऊक असते. साज आजचा, वाद्ये आजची, पण गाभा गावचा.

आता आपल्याकडे वळू. टीव्हीवरच्या आंतरराष्ट्रीय गाण्याच्या स्पर्धेत एका मराठी मुलाने याआधीही भारताचे नाव लावले होते. 2005 मध्ये पहिला ‘इंडियन आयडॉल’ ठरलेला मुंबईचा अभिजीत सावंत डिसेंबर 2007 मध्ये जकार्ताला झालेल्या ‘एशियन आयडॉल’मध्ये भारतातर्फे उतरला. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, व्हिएतनाम आणि भारत असे सहा देश होते. जिंकला सिंगापूरचा हादी मिर्झा. भारताची लोकसंख्या शंभर कोटींच्या वर, सिंगापूरची पन्नास लाखांच्याही आत. तरी हे घडले. प्रत्येकाने दोन गायकांना मत द्यायचे असा तिथला नियम होता. आपले मत आपल्या माणसाला दिले, तरी दुसरे मत परक्याला द्यावेच लागत होते. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

मात्र ‘एशियन आयडॉल’ आणि ‘इंटरव्हिजन’ यांत मुळातच फरक आहे आणि माझे सगळे म्हणणे त्या फरकावर उभे आहे. ‘आयडॉल’ ही आवाजाची स्पर्धा. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘पॉप आयडॉल’चा साचा जगभर गेला, तोच आपण 2004 मध्ये घेतला. त्यात गाणारा नवा असतो आणि गाणे बहुतेक वेळा जुने, दुसऱ्याचे, चित्रपटातले. ‘युरोव्हिजन’ ही 1956 पासून चालत आलेली गाण्याची स्पर्धा. तिथे गाणे नवे हवे, तीन मिनिटांत बसायला हवे, आणि आपल्या देशाला मत देता येत नाही. आपण या दोन साच्यांतला पहिला तेवढा उचलला. वीस वर्षे तो इतका चालवला की गाण्याची स्पर्धा म्हटले की दुसरे काही डोळ्यांपुढे येतच नाही.

पहिल्या साच्याने आपल्याला काही दिले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. 2008-09 मधली ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ ज्यांनी पाहिली, त्यांना ती पाच मुले अजून घरच्यासारखी वाटतात. आमच्या शेजारच्या लातूरचा रोहित राऊत त्या पाचांत होता. मराठवाड्यातले एक पोर त्या मंचावर शेवटपर्यंत टिकते, याचा आनंद इकडच्या गावागावांत होता. जिंकली ती आळंदीच्या वारकरी घरातली कार्तिकी गायकवाड, तीही गौळणी-अभंगांच्या बळावर. म्हणजे घरचे, परंपरेचे गाणे घेऊन आलेल्या मुलीला महाराष्ट्राने डोक्यावर घेतले होते. वाहिन्यांनी त्यापासून धडा घ्यायला हवा होता. झाले उलटे. नंतरच्या वर्षांत छोट्या गावांतली मुले ऑडिशनला आली ती कराओके ट्रॅकवर घोटून घेतलेली लोकप्रिय गाणी घेऊन. हा मुलांचा दोष नाही. ट्रॅक त्याच गाण्यांचा मिळतो, परीक्षकांना तेच गाणे माहीत असते, प्रेक्षक त्याच गाण्याला टाळी देतो. आजीकडून ऐकलेल्या ओवीचा ट्रॅक कुठून आणायचा?

मतदानाचेही तसेच. 2007 च्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगसाठी डोंगरातल्या गोरखा समाजाने जी मोहीम उभारली, तिची लाट स्पर्धा संपल्यावर थेट राजकारणात शिरली. त्याच वर्षी विमल गुरुंग यांचा गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन झाला. वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेल्या माणसांना देशाने आपले नाव घ्यावेसे वाटते, हे मला कळते. बीडच्या माणसाला तर ते कुणी समजावून सांगायला नको. पण आपल्याच माणसाला मत देत राहिलो, तर दुसऱ्याचे गाणे ऐकण्याची गरजच उरत नाही. स्वतःला मत न देण्याचा नियम ऐकायला भाग पाडतो.

मग बीडचे गाणे कोणते? जिल्ह्याबाहेरच्या माणसाला हा प्रश्न विचारला तर तो बहुधा गप्प होईल. टीव्हीवर बीडचे नाव येते ते दुष्काळासाठी, ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांसाठी आणि डिसेंबर 2024 नंतर मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनासाठी. यातले काहीही खोटे नाही. पण ज्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची पासोडी आहे, त्या तालुक्यातल्या आपेगावने देशाला पखवाजाचे एक पद्मश्रीही दिले. शंकरबापू आपेगावकरांना 1986 मध्ये हा सन्मान मिळाला. कीर्तनाच्या साथीत मुरलेला हा हात शास्त्रीय मंचावरही तितक्याच अधिकाराने फिरला.

आमच्याकडच्या कुठल्याही हरिनाम सप्ताहात संध्याकाळी थोडे आधी जाऊन बसावे. कीर्तन सुरू व्हायच्या आत मृदंगाचार्य एका वाटीत गव्हाची कणीक भिजवतो, तिचा गोळा पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापतो, तळव्याने एक थाप देऊन ऐकतो, चिमूटभर कणीक काढतो, पुन्हा ऐकतो. खर्ज मनासारखा लागेपर्यंत हे चालते. दोन तासांत ती कणीक सुकू लागते. मग ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर टिपेला असतानाच तो ओले बोट फिरवून ती जागेवर आणतो आणि ठेका सुटत नाही. समोर टाळकऱ्यांच्या दोन रांगा, त्यांत दहावीतली मुले असतात, पंचाहत्तरीचे आजोबा असतात. नवी चाल बांधायचे कामही इथे चालू असते. एखाद्या जुन्या अभंगाला गेल्या वर्षी नवी चाल लागते, ती चार गावांच्या सप्ताहांत फिरते आणि कुणी बांधली हे दोन वर्षांत विसरले जाते. नवे गाणे आमच्याकडे रोज होते. त्याला कर्त्याचे नाव आणि बाहेरचा रस्ता तेवढा मिळत नाही.

दुसरी खाण आहे जात्यावरची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या बायकांच्या लाखावर ओव्या गोळा झाल्या. ‘पारी’ या संकेतस्थळामुळे त्या आता कुणालाही ऐकता येतात. त्यांत आमच्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातले ध्वनिमुद्रण आहे, 1996 मधले. दोघी समोरासमोर बसतात, एकच खुंटा धरतात. एक ओवी टाकते, दुसरी ती उचलते. फेरा पुरा व्हायचा असेल तर ‘बाई’ किंवा ‘गं’ लावून ओळ लांबवायची, वैरण घालायला हात मोकळा करायचा तर श्वास तिथे सोडायचा. दळणाने लय ठरते, मात्रा मोजाव्या लागत नाहीत. इतर घरांतल्या ओवीत जिथे विठ्ठल येतो, तिथे भीमनगरातल्या या बायकांच्या ओवीत बाबासाहेब येतात, रमाई येते. गाण्याच्या जुन्या घरात या बायकांनी आपला देव्हारा मांडला, आणि त्यासाठी त्यांना कुणाची परवानगी लागली नाही. मराठी काव्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या एका गोष्टीवर वेगळे प्रकरण लिहायला हवे होते.

यावर आक्षेप येईल, आणि तो मी हलका मानत नाही. ओवी स्पर्धेसाठी नाही. ती एकमेकींसाठी आहे, दुःख बोलून टाकण्यासाठी आहे. तिला झगमगाटात उभे केले तर ती सजवलेली बाहुली होईल. खरे आहे. लावणीचे, गोंधळाचे रिअ‍ॅलिटी शोमध्ये काय होते ते आपण पाहिले आहेच. माझा आग्रह ओवी जशीच्या तशी मंचावर नेण्याचा नाही. तिच्या मातीतून नवे गाणे करावे, आणि ते करणाऱ्यांत त्या बायकांच्या लेकी-नाती असाव्यात, एवढाच आहे. 2016 मध्ये युक्रेनच्या जमालाने 1944 सालच्या क्रिमियन तातारांच्या हद्दपारीवर गाणे केले, त्यात आपल्या समाजाची भाषा आणली आणि ‘युरोव्हिजन’ जिंकली. तिच्या पणजीच्या पिढीचे दुःख होते ते. कोट्यवधी लोकांपुढे गायल्याने ते उथळ झाले नाही. दरवर्षी दसरा उलटला की बीडमधून लाखो माणसे कोयता घेऊन, पोरेबाळे बैलगाडीत आणि ट्रॅक्टरमध्ये भरून, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल, पहाटेचा फड, पाचटाच्या कोप्या, मागे राहिलेली म्हातारी माणसे: एवढ्या मोठ्या स्थलांतराचे एकही गाणे सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी नाही. ते नसेलच असे मला मुळीच वाटत नाही. फडात ते कुणीतरी गुणगुणतच असणार. आपण ते ऐकलेले नाही.

दुसरा आक्षेप येईल तो ऐपतीचा. इतक्या मागास जिल्ह्याने जागतिक मंचाच्या गोष्टी कशाला कराव्यात? त्याचे उत्तर आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने देऊन ठेवले आहे. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा हा मुलगा 3000 मीटर स्टीपलचेजमध्ये 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य घेऊन आला, पुढच्या वर्षी आशियाई सुवर्ण जिंकला आणि 2024 मध्ये पॅरिसला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावला. त्याला तिथपर्यंत नेणारी जी व्यवस्था होती, तिचा गाभा साधा आहे. ठरलेल्या वेळेत धावलात की पुढची फेरी तुमची, मग तुम्ही कुठल्याही गावचे असा. गाण्याला असे घड्याळ नाही हे मान्य. म्हणूनच निवडीची पद्धत अधिक काळजीने घडवायला हवी.

ती घडवण्यासाठी नवे काही उभारावे लागेल असेही नाही. बीडला आकाशवाणीचे केंद्र आहे, शेजारी परभणीला आहे, नांदेडला आहे, राज्यभर आहेत. प्रत्येक जिल्ह्याने वर्षाला एक नवे गाणे निवडावे. शब्द आणि चाल त्या जिल्ह्यातल्या माणसांची असावी, बोली आपली असावी, कुठल्याही चित्रपटातली चाल नसावी. ती छत्तीस गाणी सह्याद्री वाहिनीवर एकामागून एक वाजावीत. मत सगळ्यांनी द्यावे, पण आपल्या जिल्ह्याला सोडून. बीडच्या माणसाने गडचिरोलीचे, सिंधुदुर्गाचे, नंदुरबारचे गाणे लक्ष देऊन ऐकावे आणि त्यांतल्या एकाला मत द्यावे. कवी आणि चालकार यांची नावे गायकाइतक्याच मोठ्या अक्षरांत पडद्यावर यावीत आणि गाण्यावरचा त्यांचा हक्क कागदावर नोंदवला जावा, कारण गावच्या चाली उचलून दुसऱ्याच्या नावावर खपवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. देशाला उद्या पुन्हा कुठे गाणे पाठवायचे असेल, तर अशा चाळणीतून आलेली राज्याराज्यांची गाणी समोर ठेवून ते निवडता येईल.

एक अट मात्र बीडपुरती मी आत्ताच घालून ठेवतो. जिल्ह्याची फेरी दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत घेऊ नये. तेव्हा आमचे अर्धे गाणारे उसाच्या फडात असतात. साखर कारखान्यांचा हंगाम संपू द्यावा, पट्टा पडू द्यावा, माणसे घरी येऊ द्यावीत. गुढीपाडव्यानंतर, गावोगावच्या जत्रा चालू असतात तेव्हा ती घ्यावी. पहिली फेरी बीड शहरातही नको. ती धारूरला, शिरूर कासारला, पाटोद्याला व्हावी, म्हणजे संध्याकाळची एसटी पकडून बायकांना अंधार पडायच्या आत घरी पोचता येईल.