उसने कान

देवाने माणसाच्या डोळ्यांना पापण्या दिल्या, तोंडाला ओठ दिले, पण कानांना झाकण दिलं नाही. असं का केलं असावं, यावर मी पुष्कळ विचार केलेला आहे. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला बोलायला फारसा वाव नसतो, ऐकायला मात्र अमर्याद असतो; तेव्हा हा विषय माझ्या खात्याचाच म्हणायचा. माझं मत असं, की डोळे आणि तोंड ही माणसाची स्वतःची खाती. कान हे जॉइंट खातं. त्यात भरणा दुसरेच करतात, आणि न मागता जमा झालेली रक्कम परत करण्याची सोय नसते.

देवाने न दिलेलं झाकण शेवटी बाजाराने दिलं. तेही लहान, मध्यम आणि मोठं अशा तीन मापांत.

ज्यांनी कानात शिरणारे इअरफोन अजून घेतलेले नाहीत, त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली, डबीत जी रबरी बोंडं मिळतात ती फेकून देऊ नयेत. बोंड कानात घट्ट बसलं नाही तर तबल्यातला डग्गा पळून जातो आणि नुसती टिकटिक उरते. मग गिऱ्हाईक कंपनीला शिव्या देतं. दोन्ही कान एकाच मापाचे असतील असंही धरून चालू नये. दुसरी गोष्ट हिशेबाची. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतील. पण आवाज दर ३ डेसिबलने वाढवला, की तास निम्मे होतात. म्हणजे ९० डेसिबलला उरले जेमतेम चार तास. चक्रवाढ व्याज ज्याला कळतं त्याला हे कळायला हरकत नाही. लोकलमध्ये साधा इअरफोन लावणारा गाडीचा खडखडाट हरवायला आवाज वाढवत नेतो; घट्ट बसणाऱ्या बोंडाने खडखडाटच बाहेर राहतो आणि गाणं हळू ठेवता येतं. तेव्हा झाकण घ्यायचंच तर नीट बसणारं घ्यावं.

आता खरा प्रश्न. झाकण लावावं का?

हा प्रश्न मला पडला यात नवल नाही. तो झाकण विकणाऱ्यालाच पडला होता. सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये पहिला वॉकमन बाजारात आणला. कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, की त्यांनी तो घरी आणून कानाला लावला तेव्हा त्यांच्या पत्नीला आपल्याला दाराबाहेर ठेवल्यासारखं वाटलं. (नवरे जपानमध्येही सारखेच, आणि बायकांच्या तक्रारीही!) एकट्यानेच ऐकत बसणं हा उद्धटपणा, असं वाटून मोरितांनी त्या यंत्राला हेडफोनसाठी दोन भोकं ठेवायला लावली. शिवाय एक नारिंगी बटण आलं. ते दाबलं की गाणं खाली जायचं आणि आतल्या मायक्रोफोनमधून दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. म्हणजे यंत्राला सदसद्विवेकबुद्धी बसवली होती, आणि तीही नारिंगी रंगाची, पटकन दिसावी म्हणून! पण गिऱ्हाईक मोरितांच्या पुढचं निघालं. ज्याला त्याला स्वतःचं एकट्याचं यंत्र हवं होतं. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं, मागाहून दुसरं भोकही गेलं.

गंमत अशी, की ते बटण आता परत आलंय. महागड्या इअरबडमध्ये बाहेरचा आवाज आत सोडण्याची सोय असते. म्हणजे कान बंद करण्याचे हजार रुपये द्यायचे, आणि बंद कान उघडण्याचे आणखी काही हजार. आम्ही बी.कॉम.ला असताना अशा व्यवहाराला काय म्हणतात ते शिकवलं नव्हतं.

माझी सहानुभूती झाकणवाल्यांकडे नाही असं समजू नका. ठाणे स्टेशनवर सकाळच्या फास्ट गाडीत चढावं, तर एक सद्गृहस्थ फोन हातात धरून कुठल्याशा बाबांचं प्रवचन डब्याला ऐकवतायत, दुसरा क्रिकेटची क्लिप, तिसऱ्याची बायको स्पीकरवरून भाजी सांगतेय. कल्याणकडून येणाऱ्या गाड्यांत भजनी मंडळं बसतात. त्यांचे टाळ काहींना पर्वणी, काहींना शिक्षा. माणसाला शांतता मागण्याचा हक्क आहे आणि तिच्यासाठी त्याने कानात बोंड घातलं तर त्याला माणूसघाणा म्हणणं अन्यायाचं. जगावर स्वतःचं गाणं लादणाऱ्यापेक्षा ते स्वतःच्या कानात ठेवणारा शतपटीने सज्जन.

पण सज्जनसुद्धा कर्जबाजारी असू शकतो, आणि माझा मुद्दा तोच आहे. फलाटावर उभं राहून बघा. ऐनवेळी घोषणा होते, की फास्ट गाडी दुसऱ्याच प्लॅटफॉर्मवर येणार. झाकणवाल्याला ती ऐकू येत नाही. तरी तो बरोबर जिन्याकडे धावतो. कसा? कारण उघड्या कानांची माणसं आधी धावतात आणि हा त्यांच्यामागे धावतो. म्हणजे तो ऐकतोच. फक्त दुसऱ्याच्या कानांनी. हे उसने कान. बिनव्याजी, बिनतारण, परतफेडीची तारीख नसलेले.

आता थोड्यांनी उसनं घेतलं तर बिघडत नाही. बँक त्यावरच चालते: काहींनी ठेवायचं, काहींनी उचलायचं. पण सगळ्यांनी एकाच दिवशी ठेवी काढल्या तर कोणतीही बँक उभी राहत नाही. सगळ्या फलाटाने बोंडं घातली, तर आधी धावायचं कोणी?

आमच्या वर्तकनगरच्या म्हाडा कॉलनीत ही ठेव कशी साठत असे, ते मी लहानपणी पाहिलंय. भिंती अशा, की विविध भारती एका घरात लागायची आणि चार घरं ऐकायची. माझ्या संगीताच्या आवडीतली निम्मी शेजाऱ्यांच्या विजेवर वाढली. आईच्या कुकरच्या शिट्ट्या शेजारच्या काकू मोजायच्या आणि भिंतीपलीकडून ओरडायच्या, "अहो वहिनी, चार झाल्या!" परीक्षेच्या दिवसांत हाच शेजार असह्य व्हायचा, हेही खरं. पण खालच्या मजल्यावरच्या आजी एकट्याच असताना न्हाणीघरात पडल्या, तेव्हा त्यांचं क्षीण कण्हणं भिंतीपलीकडे पोहोचलं आणि दहा मिनिटांत चार माणसं दाराशी उभी राहिली. त्या चौघांपैकी कोणी आजींवर कान ठेवून नव्हतं. कान फक्त उघडे होते.

हल्ली आमच्या घरात कानातली यंत्रं दोन तऱ्हेची आहेत. चिरंजीवांचं यंत्र बाहेरचं काही आत येऊ देत नाही. बाबांचं श्रवणयंत्र बाहेरचं सगळंच आत आणतं. नातवाच्या दोन वाक्यांसाठी त्यांना भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर आणि पोखरण रोडवरचे हॉर्न सोसावे लागतात. दोघं सोफ्यावर शेजारी बसले की लांबून दृश्य एकच दिसतं. पण एकाने पैसे मोजलेत ऐकू यावं म्हणून, दुसऱ्याने ऐकू येऊ नये म्हणून. बाबा म्हणतात, "अरे, तो मान हलवतो ती मला की गाण्याला?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि मला वाटतं नीतिशास्त्रातला सगळा मामला या एका प्रश्नात आला.

तेव्हा मी घरात एक नियम काढलाय, आणि सौ.ने तो मंजूर केलाय, म्हणजे तो लागू आहे. बाबांनी यंत्र कानात घातलं, की बाकीच्यांनी आपापलं काढायचं. ज्याला ऐकायला कष्ट पडतात त्याने कष्ट घेतले, तर ज्याला फुकट ऐकू येतं त्याने निदान कान उघडे ठेवावेत. एरवी, म्हणजे रात्री, प्रवासात, अभ्यासात, ज्याने त्याने खुशाल झाकण लावावं. काउंटरलासुद्धा जेवणाची सुट्टी असते. फक्त सुट्टी संपली की खिडकी उघडायची.

नियम बाबांनाही पसंत आहे. मात्र सोसायटीच्या मीटिंगला जाताना ते आपलं यंत्र घरी विसरतात. आणि ही विसरण्याची तारीख ते कधीच विसरत नाहीत.